चिठ्ठीत निघालेले वीस एकर



आजचा विषय आपल्यापासून बराच लांबचा आहे. काळ 1845 सालचा. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरदरीतली काही गरीब कुटुंबं उठली आणि अमेरिकेत, विस्कॉन्सिन नावाच्या प्रदेशात शेती करायला गेली. विस्कॉन्सिनला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता, तो मिळाला 1848 मध्ये. ही माणसं का गेली, कशी गेली, तिथे त्यांचं घर कसं चाललं आणि ती कशी टिकली, हे आज सांगणार आहे.

ही व्याख्यानं ऐकणारे आणि वाचणारे तुम्ही कुणी इंदूरला आहात, कुणी बडोद्याला, हैदराबादला, बेंगळुरूला. गाव सोडून परक्या भाषेच्या मुलखात संसार मांडणं म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. घरातल्या आजी-आजोबांना विचारलं तरी ते कळतं. पण अमेरिकेत पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या लोकांबद्दल आपल्या मनात एक ठरावीक चित्र असतं, बहुतेक सिनेमांतून आलेलं. एकटा पुरुष, एक घोडा, एक बंदूक, आणि समोर मोकळं रान. आजची गोष्ट त्या चित्रात बसत नाही. इथे गावांनी सभा घेतल्या, वर्गणी काढली, जमीन बघायला माणसं पुढे पाठवली, आणि मग लोक निघाले. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ही कुटुंबं जगली ती त्या सभेच्या आणि वर्गणीच्या सवयीमुळे. त्या सवयीला दुसरीही एक बाजू आहे. तीही बघू.

आधी ग्लारुस कुठे आहे ते समजून घ्या. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये लिंथ नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये अरुंद खोरं. हे खोरं म्हणजे ग्लारुस हा प्रांत, त्यांच्या भाषेत कँटन. लोकसंख्या त्या वेळी तीस हजारांच्या आसपास. नांगराखाली येईल अशी सपाट जमीन फारच थोडी. उतारावर गवत, त्यावर गाई, आणि उन्हाळ्यात त्या गाई वरच्या कुरणांवर न्यायच्या. पण एवढ्यावर तीस हजार पोटं भरत नाहीत. म्हणून अठराव्या शतकापासून तिथे घरोघरी सूत काततात, कापड विणतात. थोडीशी बाग, एखादी शेळी, सामाईक कुरणावरचा हक्क, आणि घरात चरखा किंवा माग. असा संसार.

इथे आपला एक खरा धागा लागतो. ग्लारुसचं छापील सुती कापड पुढे जगभर गेलं. त्यांचे जे रंगीत रुमाल प्रसिद्ध आहेत, त्यांवरची नक्षी बघितलीत तर तुम्ही लगेच म्हणाल, अरे, ही तर कोयरी! आणि ती कोयरीच आहे. भारतातल्या छापील कापडाच्या नकला करत युरोपातले अनेक कारखाने उभे राहिले, त्यांतलेच हे. पण रुमाल छापणारे कारखानदार श्रीमंत झाले तरी घरात चरखा आणि माग चालवणारा तसाच राहिला. इंग्लंडमध्ये यंत्रावर सूत निघायला लागलं, ते स्वस्त होतं, आणि हातानं कातणाऱ्याची मजुरी कोसळली. मग यंत्रमाग आले आणि विणकराचीही तीच गत झाली. यंत्राच्या कापडानं आपल्याकडच्या विणकरांचं काय केलं ते आपण शाळेत शिकलो. त्याच यंत्रानं आल्प्समधल्या विणकराचंही तेच केलं, हे मात्र आपल्याला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात 1840 च्या दशकाच्या मध्याला युरोपभर बटाट्यावर रोग पडला. ज्या कुटुंबाचं जेवण म्हणजे बटाटा आणि दूध, त्याच्या घरात मग काय उरणार?

ग्लारुसमध्ये एक जुनी पद्धत आहे. वर्षातून एकदा सगळे मतदार उघड्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. आजही ही सभा भरते. गावांचाही कारभार असाच चालायचा. कुरण सामाईक, जंगल सामाईक, आणि गावातल्या गरिबाला मदत करणं हेही गावाचंच काम. मग 1844 मध्ये प्रश्न सभेत आला, की इतक्या गरिबांना पोसायचं कसं? त्यातून स्थलांतरासाठी एक संस्था उभी राहिली. ठरलं असं, की अमेरिकेत एकत्र जमीन घ्यायची, आणि गावांनी आपापल्या गरजूंच्या खर्चाला हातभार लावायचा.

आता हे ऐकताना मन भरून येतं. गावानं गरिबाला जमीन मिळवून दिली! पण त्याच सभेचा हिशोब दुसऱ्या बाजूनं मांडून बघा. एक गरीब कुटुंब कायमचं निघून गेलं, तर गावाच्या मदतनिधीवरचा भार तेवढा उतरला. सामाईक कुरणात एक हिस्सेदार कमी झाला. म्हणजे तिकिटाचा खर्च एकदाच, पोसण्याचा खर्च दरवर्षी. गावानं प्रेमानं पाठवलं की ओझं म्हणून पाठवलं? मला वाटतं, दोन्ही. आणि जाणाऱ्यांनाही ते कळत असणार. ज्या बाईनं घरातली भांडी विकून पेटी भरली, तिला हे नक्की कळत असणार.

मार्च 1845 मध्ये संस्थेनं दोन माणसं पुढे पाठवली, निकोलस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्रायफ. काम काय, तर अमेरिकेत फिरून जमीन पसंत करायची आणि विकत घ्यायची. दोघे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिझुरी असे फिरले आणि शेवटी विस्कॉन्सिनच्या दक्षिणेला ग्रीन काउंटीत थांबले. सरकारी भाव एकराला सव्वा डॉलर. त्यांनी शेतीसाठी 1,200 एकर घेतले आणि लाकडासाठी 80 एकर जंगल वेगळं घेतलं.

जागा कशी होती? टेकड्या, घळी, झरे, ओकची झाडं, आणि मधून वाहणारी लिटल शुगर नावाची छोटी नदी. जवळपास याहून सपाट, नांगराला सोपी जमीन होती. पण या दोघांनी डोंगरातल्या माणसाच्या नजरेनं जमीन बघितली. पाणी आहे, जळण आहे, गवत आहे. ही निवड पुढे तीस-चाळीस वर्षांनी फार महत्त्वाची ठरली. ते ओघात येईलच.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही जमीन विकायला निघाली होती, म्हणजे ती आधी कुणाची होती?

ती हो-चंक लोकांची होती. गोरे लोक त्यांना विनेबागो म्हणायचे. 1829 ते 1837 या काळात अमेरिकन सरकारनं लागोपाठ करार करून त्यांच्याकडून विस्कॉन्सिनमधली जमीन काढून घेतली. 1837 चा करार तर कुप्रसिद्ध आहे. सही करणाऱ्या शिष्टमंडळाला जमीन देऊन टाकण्याचा अधिकारच नव्हता. शिवाय जायला आठ वर्षं मिळतील असं त्यांना सांगितलं, आणि कागदावर लिहिले होते आठ महिने. सैन्यानं त्यांना पुन्हा पुन्हा मिसिसिपीपलीकडे हाकललं, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा पुन्हा चालत परत आले. आज हो-चंक राष्ट्र विस्कॉन्सिनमध्येच आहे. ग्लारुसच्या विणकरांना यातलं किती माहीत होतं, हा वेगळा भाग. पण सव्वा डॉलर हा भाव इतका कमी का होता, हे आपण तरी विसरू नये. एकीकडे गावानं बाहेर काढलेली माणसं येत होती, दुसरीकडे सरकारनं बाहेर काढलेली माणसं जात होती.

आता प्रवास. यापुढे आपण एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू या. मी त्याला नाव देत नाही, कारण हे कुठलंही एक कुटुंब नाही. नवरा विणकर, वयानं पस्तिशीचा. बायको, आणि चार मुलं, धाकटं अंगावर पिणारं. अशी कितीतरी कुटुंबं त्या तांड्यात होती.

16 एप्रिल 1845 ला लिंथच्या कालव्यावर होड्या उभ्या होत्या. ठरलं होतं त्यापेक्षा जास्त लोक आले, एकूण 193. झुरिक, बासेल, मग ऱ्हाईन नदीतून होडीनं खाली हॉलंडपर्यंत. होडीत जागा इतकी कमी, की झोपायचं म्हणजे बसल्या जागी. हॉलंडमध्ये जहाजाची वाट बघायची, आणि वाट बघतानाही पोट खातंच, पैसा जातोच. मग समुद्रात जवळपास सात आठवडे. जहाजाच्या पोटात फळ्यांचे मजले, त्यावर कुटुंबंच्या कुटुंबं. वाटेत काहींना मरण आलं, त्यांत लहान मुलंही होती. 30 जूनला बाल्टिमोर बंदर लागलं.

आपल्याला वाटतं, पोचले अमेरिकेला, संपला प्रवास. प्रवास अर्धाच झाला होता. पुढे पेनसिल्व्हेनियातून काही अंतर रेल्वे, मग घोड्यांनी ओढलेल्या कालव्यातल्या होड्या, ॲलेगेनी डोंगरावरून उतरत्या-चढत्या रुळांचा रस्ता, मग पिट्सबर्ग. तिथून ओहायो नदीत आगबोट. जुलैच्या उत्तरार्धात सेंट लुइस. आणि तिथे काय कळलं? जमीन घ्यायला गेलेल्या दोघांचा पत्ताच नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. टपालाचा वेग माणसांपेक्षा जास्त नव्हता. कल्पना करा. तीन महिन्यांपूर्वी घर मोडलेलं, पैसा संपत आलेला, अंगावरचं मूल उन्हानं बेजार, आणि आपण नेमकं कुठे जायचं हेच माहीत नाही!

तांड्यानं दोन माणसं शोधायला पुढे पाठवली. काहींनी सेंट लुइसमध्येच मजुरी धरली, काही वाटेत आधीच फुटले होते. बाकीचे मिसिसिपीतून वर गॅलेना गावापर्यंत गेले. तिथून पुढचे साठेक मैल, कुणी पायी, कुणी सामानाच्या गाड्यांवर. ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे निघाल्यापासून चार महिन्यांनी, जागेवर पोचले ते 108 जण. निघाले होते 193. उरलेल्यांतले काही नंतर येऊन मिळाले, काही कायमचे दुसरीकडे गेले.

गावाला नाव दिलं, न्यू ग्लारुस.

आता जमिनीची वाटणी. 1,200 एकरांचे 60 भाग केले, प्रत्येकी 20 एकरांचे. आणि चिठ्ठ्या टाकल्या! कुणाला ओढ्याकाठचा तुकडा, कुणाला टेकडीचा. जंगल मात्र सामाईक ठेवलं. आपल्या कुटुंबाची चिठ्ठी उघडली तेव्हा त्यांच्या वाट्याला आठशे गुंठे आले. ज्या माणसानं आयुष्यभर परसातली दहा-वीस पावलांची बाग खणली, त्याला आठशे गुंठे म्हणजे राज्यच. पण अमेरिकेच्या मानानं हा तुकडा अगदी लहान होता. आसपासचे शेतकरी 80 एकर, 160 एकर घेत होते. ग्लारुसच्या सभेत बसून ‘पुरेशी’ जमीन किती हे ठरवलं होतं, आणि ते माप ग्लारुसचंच होतं.

पण चिठ्ठीचा एक मोठा फायदा झाला. पहिल्या दिवसापासून कुणी मोठा जमीनदार नव्हता आणि कुणी भूमिहीन नव्हता. चांगला तुकडा गेला तर नशिबाला बोल लावता येतो, शेजाऱ्याला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच शेजाऱ्याच्या छपराखाली झोपायची वेळ येणार होती, हे लक्षात घ्या.

कारण ऑगस्ट उलटला होता. पेरणीचे दिवस गेले होते. विस्कॉन्सिनचा हिवाळा म्हणजे पारा शून्याखाली वीस-वीस अंश. घाईघाईनं ओंडक्यांच्या झोपड्या उभ्या केल्या. ओंडक्यांमधल्या फटी मातीनं लिंपायच्या, वर छप्पर, मध्ये चूल. एकेका झोपडीत दोन-तीन कुटुंबं. अन्न म्हणजे विकत आणलेलं पीठ, बटाटे, आणि नदीतले मासे. मक्याची भाकरी या लोकांनी पूर्वी कधी खाल्ली नव्हती, ती आता रोजची झाली. पुरुषांपैकी बरेच जण मजुरीला बाहेर पडले. पश्चिमेला मिनरल पॉइंटच्या भागात शिशाच्या खाणी होत्या, तिथे रोजगार मिळायचा. काही मुली आणि बायका आसपासच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांत कामाला राहिल्या. घरात पहिलं इंग्रजी आलं ते बहुधा त्यांच्याकडूनच.

वसंतात शेत करायचं. पण कशानं? बैल नाहीत, नांगर नाही. आणि त्या गवताळ रानाची जमीन साधी नव्हे. शेकडो वर्षांच्या गवताच्या मुळांनी ती जाड गालिच्यासारखी विणलेली असते. ती पहिल्यांदा फोडायला बैलांच्या तीन-चार जोड्या लागायच्या. आमच्या विणकरानं ती कुदळीनं आणि फावड्यानं फोडली, कारण त्याला तेवढंच येत होतं. शेजारचे अमेरिकन शेतकरी बघून थक्क झाले असतील. पण बायको आणि मोठी मुलं बरोबर, असं रोज थोडं थोडं करत बटाटे, मका आणि थोडा गहू लागला. पुढे बैल आले, गाई आल्या. सुरुवातीला चार-पाच घरांत मिळून एक जोडी, असं चालायचं. आज तुझी पाळी, उद्या माझी.

दिवस कसा जायचा ते बघा. पहाटे गाय पिळायची, ते काम बहुतेक घरांत बाईचं किंवा मुलांचं. पाणी झऱ्यावरून. जळण सामाईक जंगलातून तोडून, ओढून, फोडून आणायचं. एका हिवाळ्याला किती लाकूड लागतं याचा अंदाज पहिल्या वर्षी अनेकांचा चुकला असणार. मीठ, लोखंड आणि कापड एवढंच विकत. मेणबत्त्या जनावराच्या चरबीच्या, घरी केलेल्या. लोकर घरी कातलेली. म्हणजे चरखा सुटला नव्हता, फक्त आता तो बाजारासाठी नव्हता. उन्हाळ्यात डासांबरोबर थंडीताप यायचा, वाळल्या गवताला वणवा लागायचा, रानात विषारी साप होते. पुढे 1850 च्या दशकात कॉलऱ्याची साथही आली. लहान मुलांची थडगी हा त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीचा भाग आहे, ही वस्तीही त्याला अपवाद नाही.

1849 मध्ये त्यांनी ओंडक्यांचं चर्च बांधलं. तेच सभागृह, तेच बातम्या ऐकायचं ठिकाण. गावाकडून पत्र आलं की एकानं वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. आणि इथून जी पत्रं गेली, त्यांनी पुढची माणसं आणली. 1861 मध्ये मूळ ग्लारुस शहराला मोठी आग लागली, अर्ध्याहून जास्त शहर जळालं. अशा प्रत्येक संकटानंतर आणखी काही कुटुंबं समुद्र ओलांडून आली. पण आता त्यांना सेंट लुइसच्या धक्क्यावर पत्ता शोधत बसावं लागलं नाही. कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आत्या घ्यायला येत होती.

पोट भरायला लागल्यावर रोख पैशाचा प्रश्न आला. आसपास सगळे गहू लावत होते, यांनीही गहू लावला. 1860 च्या सुमाराला गव्हात विस्कॉन्सिन अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होतं. सुरुवातीला तो गहू बैलगाडीनं मिलवॉकीला न्यावा लागायचा, साधारण दीडशे किलोमीटर. जायला-यायला आठवडाभर सहज. 1850 च्या दशकाच्या शेवटी जवळच्या मन्रो गावापर्यंत रेल्वे आली तेव्हा हाल कमी झाले.

पण वर्षानुवर्षं एकाच जमिनीत गव्हामागून गहू! जमीन थकली. उतारावरची माती पावसात वाहून गेली. चिंच बग नावाची कीड आली, ती अख्खं शेत चोखून टाकायची. आणखी पश्चिमेला नवी, सपाट, सकस जमीन उघडली होती, तिथला गहू स्वस्त पडत होता. आसपासच्या अनेक शेतकऱ्यांनी जमीन विकली आणि ते पश्चिमेला निघाले. अमेरिकेत तेव्हा तीच रीत होती. जमीन थकली की पुढे चला.

न्यू ग्लारुसच्या लोकांपुढेही तोच रस्ता होता. काही गेलेही. पण बरेच थांबले, आणि त्यांनी जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे.

1868 मध्ये निकोलस गर्बर नावाच्या माणसानं न्यू ग्लारुसच्या परिसरात लिंबर्गर चीजचा कारखाना सुरू केला. लगेच मागोमाग मोठ्या चाकांचं स्विस चीज करणारे कारखाने आले. कारखाना म्हणजे तुम्ही धुराडं आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नका. रस्त्याच्या चौकात एक लहान दगडी किंवा लाकडी इमारत, आत तांब्याची मोठी कढई, खाली तळघर. बस. पुढे एकट्या ग्रीन काउंटीत असे दोनशेहून अधिक कारखाने झाले.

का इतके? हिशोब सोपा आहे. स्विस चीजचं एक चाक ऐंशी किलोच्या आसपास. एक किलो चीजला दहा-बारा लिटर दूध लागतं. म्हणजे एका चाकाला आठशे ते हजार लिटर. त्या काळची साधी गाय दिवसाला पाच-सात लिटर देत होती असं धरा, आणि आपल्या कुटुंबाकडे दहा गाई आहेत असं धरा. पन्नास-सत्तर लिटर. एका घराच्या दुधात एक चाक कधीच होणार नाही! दहा-पंधरा घरांनी त्याच सकाळी दूध एकत्र केलं तरच होईल. आणि दूध थंड ठेवायची सोय नाही, म्हणून कारखाना दोन-तीन मैलांच्या आतच हवा. रोज सकाळ-संध्याकाळ कॅन गाडीत टाकून न्यायचे, प्रत्येकाचं दूध मोजून वहीत लिहायचं, आणि परत येताना उरलेलं पाणी डुकरांसाठी घरी आणायचं. पुष्कळ ठिकाणी इमारत आणि कढई शेतकऱ्यांची सामाईक, आणि चीज करणारा कारागीर वाट्यावर.

हे त्यांना कुणी शिकवलं? कुणीच नाही. आल्प्समध्ये हे शेकडो वर्षं चालत आलं होतं. उन्हाळ्यात सगळ्या गावाच्या गाई वरच्या कुरणावर जायच्या, तिथे एकच चीजवाला सगळ्यांच्या दुधाचं चीज करायचा, आणि उन्हाळा संपला की ज्याच्या गाईचं जेवढं दूध, तेवढा त्याचा वाटा. म्हणजे विस्कॉन्सिनला आलेल्या या माणसांच्या पेटीत सगळ्यात किमती वस्तू काय होती? दुसऱ्याच्या दुधात आपलं दूध ओतायची सवय. ज्या समाजात प्रत्येक शेतकरी आपापल्या कुंपणात राजा आहे, तिथे वही चोख ठेवणं आणि एकमेकांच्या वहीवर विश्वास ठेवणं सोपं नसतं. इथे ते पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं होतं.

आणि ती टेकड्यांची जमीन आठवते ना? गव्हाला वाईट, पण गवताला, झऱ्याला, गाईला उत्तम. ड्युर्स्ट आणि श्ट्रायफ यांनी डोंगरी नजरेनं जी जागा घेतली होती, तिचं खरं मोल गहू गेल्यावर कळलं.

लिंबर्गरचा वास मात्र फार उग्र. मन्रोच्या रस्त्यांवरून त्या चीजच्या गाड्या जायला लागल्या तेव्हा गावातल्या लोकांनी नाक धरून तक्रारी केल्या. पण हळूहळू त्या वासाबरोबर गावात पैसाही यायला लागला, आणि तक्रारी कमी झाल्या. पुढे मन्रो स्वतःला अमेरिकेची स्विस चीजची राजधानी म्हणवून घ्यायला लागलं!

याच ठिकाणी एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गाई आल्या म्हणजे वर्षाचे 365 दिवस काम आलं. गव्हाला हिवाळ्यात सुट्टी असते, गाईला नसते. हे काम मोठ्या प्रमाणावर बायका-मुलांच्या हातांवर उभं होतं. जमिनीचा कागद बहुतेक नवऱ्याच्या नावावर, दुधाच्या वहीत नाव नवऱ्याचं. ग्लारुसच्या सभेत हात वर करण्याचा हक्क बायकांना नव्हता, तो तिथे 1971 मध्ये मिळाला. न्यू ग्लारुसची कहाणी सांगताना दोन पुढे गेलेल्या पुरुषांची नावं आपण घेतो, आणि वीस एकर रोज दोन वेळा पिळून काढणाऱ्या बाईचं नाव घेत नाही. मीही आज ते घेऊ शकलो नाही. तिचं काम मात्र चीजच्या प्रत्येक चाकात होतं.

यानंतरचं थोडक्यात. 1887 मध्ये रेल्वे न्यू ग्लारुसपर्यंत आली. 1910 मध्ये तिथे दूध आटवून डब्यात भरायचा मोठा कारखाना आला, आणि दुधाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. तो 1960 च्या दशकात बंद पडला. गावानं मग आपलं स्विसपण हाच धंदा केला. घरांना लाकडी सज्जे आले, खिडक्यांत फुलं आली, पर्यटक आले. आज तिथे अडीच हजारांच्या आत लोक राहतात. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस विल्हेल्म टेलच्या नाटकाची परंपराही तिथे 1938 मध्ये सुरू झाली.

आणि भाषा. ग्लारुसची बोली त्या गावात शंभर वर्षांहून जास्त टिकली. घरात, गोठ्यात, चीजच्या कारखान्यात. शाळा इंग्रजी, चर्च आधी जर्मन आणि मग इंग्रजी, पण गाईशी बोलायची भाषा ग्लारुसची. भाषेचे अभ्यासक विसाव्या शतकात तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपून आले. तंजावरची मराठी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मूळ गावाची भाषा पुढे जाते आणि लांब गेलेल्यांकडे तिचं जुनं रूप राहतं. ती बोली का टिकली? माझ्या मते, कारण ती बोलायला रोज सकाळी एक जागा होती. दूध ओतायला दहा-पंधरा घरं एकाच दारात जमायची. कारखाने बंद पडत गेले, दूध टँकरनं जायला लागलं, आणि बोलीही गेली. सण-समारंभ आजही होतात. पण सण वर्षातून एकदा येतो, दूध रोज दोनदा जायचं. बाहेरच्या राज्यांत मराठी मंडळं चालवणाऱ्यांनी या फरकाचा जरूर विचार करावा.

शेवटी एवढंच सांगतो. ग्लारुसच्या गावांनी आपली गरीब माणसं बाहेर पाठवली, तेव्हा त्यांनी ओझं कमी केलं असं त्यांना वाटलं असेल. पण त्या माणसांबरोबर गावाची एक पद्धतही गेली. चिठ्ठी टाकून वाटा घ्यायचा, जंगल सामाईक ठेवायचं, बैलाची पाळी लावायची, दूध एका कढईत ओतायचं आणि वही चोख ठेवायची. 193 निघाले, 108 पोचले, आणि जे पोचले ते एकेकटे पोचले असते तर पहिल्या हिवाळ्यातच विखुरले असते. कुणाच्या तरी हिरावलेल्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं, हेही त्याच वहीत लिहिलेलं असायला हवं. दोन्ही रकाने भरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

तुमच्या घराण्यात कुणी गाव सोडून आलं असेल, तर त्यांनी बरोबर काय आणलं हे विचारा. वस्तूंबद्दल तर विचाराच. पण चार घरं मिळून ती माणसं काय करायची, हेही विचारा, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवा.